तू पाहिलंस ते तूच सांग

अगं, बाकी सगळं बोलूच, पण आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घे. नवरा पडला तेव्हा शुद्धीवर तू होतीस, तो नव्हता. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यानं ‘काही विशेष नाही, जरा चक्कर आली’ म्हणून विषय गुंडाळायचा आणि तू मांडीवर रिपोर्टांची पिशवी धरून मान डोलवायची, हे चालायचं नाही. काय झालं ते त्याला माहीतच नाही. पडण्याआधीचं थोडंफार आठवत असेल, डोळे उघडल्यावर भोवती जमलेली माणसं दिसली असतील. मधलं सगळं तुझ्याकडे आहे. आणि या दुखण्याचं निदान बरेचदा त्या मधल्यातूनच निघतं.

ओळखीत कुणाचा नवरा असा उभ्याउभ्या कोसळला की हल्ली फोन माझ्याकडे येतो, कारण आमच्या घरानं हे सगळं भोगलंय. प्रत्येकीची सुरुवात एकच असते, ‘ताई, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तरी हे पुन्हा पडले.’ त्या नॉर्मलनं हुरळायचं नाही आणि घाबरायचंही नाही. घरातली वीज मधूनच जाते, पण वायरमन येतो तेव्हा सगळे दिवे लख्ख लागलेले असतात, तसं आहे हे. दवाखान्यात काढलेला ईसीजी हृदयाची जेमतेम दहा सेकंदं टिपतो. तेवढ्या वेळात हृदय सरळ चाललं होतं, इतकंच तो सांगतो. मागच्या आठवड्यात बसस्टॉपवर काय झालं ते त्याला कुठून कळणार? तरी ईसीजी टाळायचा नाही हं. कधीकधी माणूस ठणठणीत असतानाही त्यात हृदयातल्या बिघाडाची खूण सापडते, आणि ती सापडली तर पुढची सगळी वाट बदलते.

डॉक्टरांकडे गेलीस की पहिलं वाक्य जपून बोल. आपण सगळ्यालाच चक्कर म्हणतो. डोकं गरगरलं तरी चक्कर, तोल गेला तरी चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर. ओपीडीच्या गर्दीत तेवढंच कानावर पडलं तर गरगरण्यावरच्या गोळ्या लिहून मिळतात आणि पुढचा पेशंट आत येतो. तेव्हा सरळ सांगायचं, ‘यांची शुद्ध गेली होती. उभे होते, खाली पडले, अर्ध्या मिनिटात आपणहून डोळे उघडले.’ एवढ्यानं डॉक्टर सावरून बसतात. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं की माणूस कोसळतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे जातं आणि तो शुद्धीवर येतो. कागदांवर याला सिंकोप असं लिहिलेलं दिसेल. सिंकोप हे लक्षणाचं नाव झालं. ते कशामुळे, हे शोधायचं काम तिथून सुरू होतं.

त्यासाठी एक वही कर. फोनमध्येही चालेल, पण वही बरी, डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवता येते. प्रत्येक वेळेचं तीन भागांत लिही. आधी काय होतं, पडल्यावर काय दिसलं, उठल्यावर कसा होता.

आधीचं म्हणजे तो उभा होता, बसला होता की झोपला होता? जिना चढत होता, धावत होता? जेवण होऊन किती वेळ झाला होता? उपास होता का? रात्री लघवीला उठला होता? जोराचा खोकला आला होता, इंजेक्शन घेत होता, कुठे रक्त पाहिलं होतं? छातीत धडधडलं, घाम फुटला, मळमळलं, कानात सूं झालं, की काही म्हणजे काही न कळता धाडकन पडला? पडल्यावरचं म्हणजे चेहरा पांढराफटक होता की निळसर? डोळे उघडे होते की मिटलेले? हातपाय झटकले का, झटकले तर किती वेळ? नाडी बघता आली का? आणि उठल्यावर तुला लगेच ओळखलं का? की बराच वेळ भलतंच बोलत राहिला? जीभ चावली होती का, चावली असेल तर टोकाला की कडेला? कपड्यात लघवी झाली का? हे शेवटचं विचारायला आणि सांगायला संकोच वाटतो, माहितीये मला. तरी सांगायचं.

आणि घरात दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर चित्रण करायला लाव. लोक काय म्हणतील, ‘नवरा पडलाय आणि ही व्हिडिओ काढतेय’ हा विचार बाजूला ठेव. वीस सेकंदांचं ते हलतं, अंधुक चित्र कधीकधी महागड्या तपासणीपेक्षा जास्त बोलतं.

पण चित्रण, वही हे नंतरचं. तो पडतो त्या मिनिटाला काय करायचं ते आधी पाठ कर. त्याला सपाट जमिनीवर आडवा ठेव, पाय उशीवर किंवा खुर्चीवर उंच कर, शर्टाचं वरचं बटण आणि पट्टा सैल कर. श्वास नीट चाललाय का बघ. उलटी होतेय असं वाटलं तर कुशीवर वळव. उचलून खुर्चीत बसवायची घाई करायची नाही. आपल्याकडे चार माणसं जमली की हेच करतात, आणि बसवलं की डोक्याकडचं रक्त पुन्हा खाली उतरतं. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी नको, साखर नको, चमचा तर मुळीच नको. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा हे सगळं लांब ठेव. सासूबाई कांदा घेऊन धावल्याच तर त्यांना पाय वर धरायला सांग. त्यांच्याही हाताला काम मिळेल आणि उपयोगही होईल. त्याला मधुमेह असेल तर साखर मोजून घे. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय म्हणाला, धाप लागली, डोक्याला मार बसला, बोलणं जड झालं किंवा एक बाजू लुळी पडली, तर १०८ ला फोन. आणि श्वासच थांबलाय, नाडी लागत नाही असं वाटलं तर १०८ बोलावता बोलावता छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाबायला सुरुवात कर.

आता एका मोठ्या गोंधळाबद्दल बोलते, कारण त्यात आमचे कितीतरी दिवस गेले. हातपाय झटकले की बघणारे म्हणतात, फिट आली. शेजारी म्हणतात मिरगी. पण साध्या घेरीतही हातपाय झटकतात. १९९४ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम घेरी आणवून त्याचं चित्रण केलं होतं. पूर्ण बेशुद्ध झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जणांचे हातपाय किंवा अंग झटकलं गेलं. फरक बारकाव्यांत असतो. घेरीतले झटके थोडे, काही सेकंदांचे, आणि माणूस पांढरा पडतो. शुद्धीवर आला की ‘मी इथे कसा?’ असं विचारतो, पण तुला ओळखतो. फिटमध्ये अंग आधी ताठरतं, मग एका लयीत एक-दोन मिनिटं झटके येतात, चेहरा निळसर होतो, जीभ कडेला चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस भ्रमात असतो.

आमच्या यांना कुणीतरी फिटच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. एमआरआय स्वच्छ, ईईजी स्वच्छ, तरी गोळ्या चालूच. हे दिवसभर पेंगायचे आणि तरी पडायचेच. मग एका सरकारी रुग्णालयात, केस लिहून घेणाऱ्या एका तरुण डॉक्टर मुलीनं यांना सोडून मलाच विचारलं, ‘काकू, पडले तेव्हा चेहरा कसा दिसत होता?’ म्हटलं, भिंतीसारखा पांढरा. ‘आणि उठल्यावर?’ उठल्यावर लगेच म्हणाले, चहा कुणी सांडला? तिनं पेन खाली ठेवलं आणि मेंदूचा कागद बाजूला सारून हृदयाच्या विभागाची चिठ्ठी लिहिली. छातीला यंत्र लावून घरी पाठवलं. त्यात पहाटेच्या सुमाराला हृदय काही सेकंद चक्क थांबलेलं सापडलं. यांना पेसमेकर बसला. एवढ्या तपासण्यांमध्ये कामाला आली ती सांडलेल्या चहाची गोष्ट. म्हणून तुला म्हणते, तू पाहिलंस ते तूच सांग.

आता कारणं. ढोबळ तीन घराणी आहेत, आणि कुठल्या घराण्यातलं आहे हे कळलं की निम्मी भीती जाते.

पहिलं घराणं सगळ्यात मोठं आणि बहुतेक वेळा जिवाला धोका नसलेलं. उन्हात रांगेत उभं राहून, मांडवातल्या गर्दीत, रक्त पाहून, वेदनेनं, भीतीनं शरीराची एक प्रतिक्रिया उलटी होते. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब एकदम उतरतो. याला व्हेझोव्हेगल म्हणतात. यात बहुधा आधी सूचना मिळते. घाम, मळमळ, जांभया, दूरून आल्यासारखा आवाज, डोळ्यांपुढे अंधारी. रात्री झोपेतून उठून उभ्यानं लघवी करताना पडणारे पुरुष असतात, खोकल्याची उबळ येऊन पडणारे असतात, घट्ट कॉलरमुळे किंवा दाढी करताना मान वळवली म्हणून पडणारे वयस्कही असतात. ही सगळी त्याच घराण्यातली.

दुसरं घराणं उभं राहिल्यावर रक्तदाब पडण्याचं. हे ओळखणं फार सोपं आहे आणि तरी अनेकदा राहून जातं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजायचं, मग उभं करून तीन मिनिटांपर्यंत मोजत राहायचं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर धागा हाती लागला. बसवून एकदाच मोजलेलं बीपी याला उपयोगाचं नाही. तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे म्हण, ‘झोपवून आणि उभं करून, दोन्ही बघाल का?’ याचं कारण पुष्कळदा औषधांच्या डब्यात असतं. बीपीच्या गोळ्या, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिनसारखी गोळी, नैराश्यावरची काही औषधं. एक गोळी या डॉक्टरांची, दुसरी त्या डॉक्टरांची, आणि दोघांना एकमेकांची खबर नाही. त्यात निर्जळी एकादशी, वर मे महिन्याचं ऊन. म्हणून जाताना यादी नको, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून ने. आयुर्वेदिक चूर्ण, मेडिकलवाल्यानं दिलेली पुडी, तीही. मात्र स्वतःच्या मनानं बीपीची गोळी बंद करू नकोस. जुना मधुमेह आणि कंपवात यांतही असा दाब पडतो. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर तेही सांग. पोटातून रक्त जात असेल तर उभं राहिल्यावर घेरी हीच पहिली तक्रार असू शकते.

तिसरं घराणं हृदयाचं. इथे थांबायचं नाही. हृदयातली विजेची वाट मध्येच अडते आणि ठोके फार मंद होतात. किंवा ठोके एकदम बेफाम वाढतात. किंवा रक्त बाहेर सोडणारी झडप इतकी अरुंद झालेली असते, स्नायू इतका जाड झालेला असतो, की श्रम करताना पुरेसं रक्त बाहेर पडत नाही. याच्या खुणा लिहून ठेव. काहीच सूचना न मिळता पडणं, श्रम करताना पडणं, झोपलेला किंवा बसलेला असताना शुद्ध जाणं, पडण्याच्या क्षणभर आधी जोराची धडधड, छातीत दुखणं किंवा धाप, आधीचा हृदयविकार, ईसीजीत काही वेगळं, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं. यातली एकही खूण असली तर पुढच्या सोमवारची अपॉइंटमेंट धरून बसायचं नाही. त्याच दिवशी जायचं.

ती शेवटची खूण सासरच्या मोठ्या माणसांकडूनच कळणार. निवांत वेळ बघून सासूबाईंना विचार, आपल्याकडे चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं होतं का? झोपेत? खेळताना? चांगला पोहणारा असून विहिरीत बुडालेला कुणी? अशा मृत्यूंना गावाकडे आसरांनी धरलं, झपाटलं, नशीब फुटकं अशी कारणं चिकटलेली असतात. पण हृदयाच्या विजेचे काही आनुवंशिक विकार पोहताना किंवा एकदम दचकल्यावर ठोके बिघडवतात. ब्रुगाडा नावाचा एक विकार झोपेत किंवा तापात घात करतो. दोघा ब्रुगाडा भावांनी तो १९९२ मध्ये मांडला. असं काही घराण्यात असेल तर तपासणी नवऱ्याबरोबर तुझ्या मुलांचीही लागेल. म्हणून विचारायचं.

तपासण्यांचा क्रम साधारण असा असतो. हकीगत, अंगाची तपासणी, झोपून-उभं बीपी, ईसीजी, रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर आणि क्षार. मग हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी इको. घेरी रोज किंवा दिवसाआड येत असेल तर २४ किंवा ४८ तासांचा होल्टर लावतात. छातीला चकत्या, कमरेला डबी, आणि रोजचं काम चालू. महिन्यातून एकदा येत असेल तर होल्टरच्या त्या एका दिवसात ती सापडणं कठीण. मग जास्त दिवसांचे पट्टे, किंवा छातीच्या कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर. तो करंगळीपेक्षाही लहान असतो आणि साधारण तीन वर्षं पहारा देतो. पहिल्या घराण्याचा संशय असेल तर टिल्ट टेबल तपासणी. पट्ट्यांनी बांधून पलंग ६० ते ७० अंशांत उभा करतात, पाऊण तासापर्यंत नाडी-बीपी बघत राहतात, कधी जिभेखाली औषध देतात. घेरी डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत आली तर उत्तमच. नवऱ्याला आधी समजावून सांग, म्हणजे तो ‘मला बांधलं’ म्हणून रागावणार नाही. मेंदूचं सीटी, एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांचं डॉप्लर हे साध्या घेरीत सहसा काही सांगत नाही. डोक्याला मार, फिटची शंका किंवा मज्जासंस्थेची काही लक्षणं असतील तर मात्र ते लागतं. म्हणून प्रत्येक महागड्या तपासणीला एक प्रश्न विचार, ‘यातून काय कळेल, आणि कळलं तर उपचार बदलेल का?’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

तुला वाटेल, बायकोनं एवढं पुढे पुढे करावं का? तर स्वीडनमधल्या एल्से-मारी लार्सन यांची गोष्ट ऐक. त्यांचे पती आर्ने यांच्या हृदयातली विजेची वाट अडली होती. दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध जायची. त्या काळी शरीरात बसवता येईल असा पेसमेकर जगात नव्हता. प्राण्यांवर प्रयोग तेवढे चालले होते. एल्से-मारी यांनी सर्जन ऑके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्त या दोघांचा असा पिच्छा पुरवला की शेवटी त्यांनी यंत्र तयार केलं. बूट पॉलिशच्या डबीचा साचा वापरून. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ते बसवलं. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं, मग जोडीचं दुसरं लावलं. पुढे आयुष्यभरात आर्ने यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले. ते २००१ मध्ये ८६ व्या वर्षी वारले, आपल्या सर्जनच्या आणि अभियंत्याच्याही नंतर. आता सांग, पाठपुरावा करणारी बायको म्हणजे कटकट का?

उपचार कारणाप्रमाणे. व्हेझोव्हेगल असेल तर गोळ्या क्वचितच लागतात. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, उपाशीपोटी उन्हात उभं न राहणं, आणि सूचना मिळाल्याबरोबर लाज न बाळगता खाली बसणं किंवा आडवं होणं. लग्नाच्या मांडवात सतरंजीवर आडवा झाला तर काही इज्जत जात नाही. बसायला जागाच नसेल तर पायांची कात्री घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळायचे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरानं ओढायची. याने दाब वर चढतो आणि पडणं टळू शकतं. हे घरी सवयीचं करून घ्या. मीठ वाढवायचा सल्ला काहींना देतात, पण बीपी, हृदय, मूत्रपिंड यांचं दुखणं असेल तर तोच सल्ला घातक, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. रात्री लघवी बसून करायची. पुरुषांना पटत नाही, तरी पटवायचं.

उभं राहिल्यावर दाब पडत असेल तर डॉक्टर औषधं कमी-जास्त करतात, वेळा बदलतात, पायाला घट्ट मोजे देतात. अंथरुणातून उठताना आधी काठावर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. हृदयाचं असेल तर ठोके मंद होण्यावर पेसमेकर, ठोक्यांच्या बेफामपणावर ॲब्लेशन, म्हणजे बिघडलेली विजेची वाट बंद करणं, किंवा गरज पडली तर झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारं आयसीडी यंत्र, झडपेवर झडपेचा उपचार. पेसमेकर ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. आता हे दोन मजले चढून भाजी आणतात. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही, इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहायचं, यंत्राचं कार्ड पाकिटात ठेवायचं, एमआरआयच्या आधी सांगायचं. एवढीच पथ्यं.

खर्चाचं मनात असेल तर तेही मोकळं बोलू. केईएम, ससून अशा मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत हृदयविकार विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जे रुग्णालय आहे तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. भरती होण्याआधीच रेशनकार्ड, आधार घेऊन त्याला भेट आणि सांगितलेली प्रोसिजर योजनेत बसते का ते विचार. मेडिक्लेम असेल तर आधीचे कागद नीट लावून ठेव.

निदान होईपर्यंत घरात काही नियम कर. त्यानं स्कूटर, गाडी चालवायची नाही, मुलाला मागे बसवून तर नाहीच. पुन्हा कधी चालवायची ते डॉक्टर सांगतील. शिडीवर चढून माळा आवरायचा नाही, विहिरीत किंवा नदीत एकट्यानं उतरायचं नाही, गॅसवर तेल तापत असताना एकटा नको. बाथरूमला आतून कडी नको. ‘मला काय झालंय?’ म्हणून तो चिडेल. पडणाऱ्या माणसाला लाज फार वाटते. चार लोकांत कोसळल्याची, कपडे खराब झाल्याची, बायकोनं सांभाळण्याची. म्हणून हे नियम मुलांसमोर, सासूबाईंसमोर सुनावू नकोस. दोघंच असताना सांग. ‘तू पडलास तर’ असं न म्हणता ‘मला भीती वाटते’ म्हण. पहिल्यावर वाद होतो, दुसऱ्यावर होत नाही. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू दे. मीठमोहऱ्यांनी कुणाचं बिघडत नाही, फक्त त्यापायी अपॉइंटमेंट चुकायला नको.

काहींच्या बाबतीत सगळं तपासूनही कारण हाती लागत नाही. काहींचं डोळे घट्ट मिटून दहा-दहा मिनिटं पडून राहणं हे मनावरच्या ताणातून येतं, आणि ते नाटक नसतं. त्यालाही मानसोपचाराचा उपाय आहे. कारण सापडलं नाही म्हणजे फिरणं वाया गेलं असं समजू नकोस. हृदयाचं नाही एवढं पक्कं कळलं तरी रात्री झोप लागते. आणि तुझ्या झोपेचंही बघ. त्याच्या श्वासाकडे कान लावून रात्र रात्र जागलीस, तर महिनाभरात तूच आजारी पडशील. दिराला, नणंदेला, मोठ्या मुलाला पाय वर कसे धरायचे आणि १०८ कधी फिरवायचा ते शिकव. मग चार तास तरी पहारा दुसऱ्याकडे दे.

तर उद्या सकाळी फोन करून अपॉइंटमेंट घे. वही, गोळ्यांच्या पट्ट्या, जुने ईसीजी आणि असेल तर व्हिडिओ एकत्र ठेव. निघण्याआधी तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिही. हे कुठल्या घराण्यातलं वाटतं? हृदयाचं नाही हे कशावरून? पुन्हा पडले तर आम्ही काय करायचं आणि कुठे जायचं? उत्तरं तिथल्या तिथे लिहून घे. आणि नर्सनं दार उघडून ‘पेशंट एकट्यानंच या’ म्हटलं, तर हसून सांग, ‘पडल्यावर काय झालं ते यांना माहीत नाही, मला माहीत आहे,’ आणि त्याच्याबरोबर आत जा.